शैलीपत्रकातील विस्तार-घटक आणि त्यांचे दोषनिदान

एकच मजकूर अनेक रूपांत हवा असतो. ग्रंथालयातील एखाद्या पुस्तकाची नोंद घ्या. वाचकाला ती पडद्यावर वाचावयाची असते, ग्रंथपालाला छापील यादीत हवी असते, आणि दुसऱ्या ग्रंथालयाच्या संगणकाकडे ती त्याला समजेल अशा सांगाड्यात पाठवावयाची असते. प्रत्येक रूपासाठी नोंद नव्याने लिहून काढावयाची म्हटले, तर श्रम वाढतात आणि दर प्रतीबरोबर चुकाही वाढतात. म्हणून मजकूर अर्थाच्या खुणांसह एकदाच लिहून ठेवावा आणि त्याला निरनिराळी रूपे देण्याचे काम यंत्रावर सोपवावे, हा मार्ग पुढे आला.

अर्थाच्या खुणांसह मजकूर लिहिण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली तिला एक्सएमएल असे नाव आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिची पहिली शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. या पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आरंभी व शेवटी कोनी कंसांतील खूण असते. तिला टॅग म्हणतात, आणि दोन टॅगांमध्ये सामावलेल्या भागाला घटक म्हणतात. अशा मजकुराचे दुसऱ्या रूपात परिवर्तन कसे करावयाचे, याचे नियम ज्या भाषेत लिहितात ती भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी निघाली. या भाषेत लिहिलेल्या नियमसंग्रहाला शैलीपत्रक म्हणतात. शैलीपत्रक वाचून त्याप्रमाणे रूपांतर घडविणाऱ्या सॉफ्टवेअरला येथे आपण रूपांतरक म्हणू. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या ग्रंथनोंदींचे एक्सएमएल रूप पडद्यावर वाचता यावे किंवा अन्य सांगाड्यांत नेता यावे, यासाठी अशीच शैलीपत्रके उपलब्ध करून दिली आहेत.

विस्ताराची गरज कोठे पडली?

एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत एक मोठी उणीव होती. एका रूपांतरातून एकच फलित-लेख बाहेर पडे. वीस प्रकरणांचा ग्रंथ देऊन प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाइल करून घेण्याची सोय मूळ भाषेत नव्हती. असे प्रसंग येणार हे भाषेच्या रचनाकारांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी एक दार मुद्दाम उघडे ठेवले. ज्याला भाषेत नसलेली एखादी क्रिया हवी असेल, त्याने ती आपल्या रूपांतरकात बसवावी आणि शैलीपत्रकात तिला नव्या नावाच्या घटकाने पाचारण करावे. अशा घटकाला विस्तार-घटक म्हणतात.

या दाराचा उपयोग अनेकांनी केला. ॲपाची संस्थेच्या झेलन या रूपांतरकात 'रायटर' नव्हे तर 'राइट' नावाचा घटक 'रिडायरेक्ट' या गटात ठेवण्यात आला. मायकेल के यांच्या सॅक्सन या रूपांतरकात 'आउटपुट' नावाचा घटक होता. प्रत्येकाची बोली निराळी होऊ लागली, तेव्हा काही जाणकारांनी २००१ साली एक्सएसएलटी-विस्तारांची एक सामाईक यादी तयार केली. तिला 'ईएक्सएसएलटी' असे नाव दिले गेले. तिच्यात याच कामासाठी 'डॉक्युमेंट' हा घटक आला. याखेरीज ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो त्याला जावा, सी किंवा पायथन या भाषांतून स्वतःचा विस्तार-घटक रचता येतो. मात्र स्वतः रचलेल्या घटकातच अडचणीही अधिक येतात.

नाटकाची संहिता आणि रंगसूचना

दोष कोठे निर्माण होतो हे समजण्यासाठी रूपांतरक शैलीपत्रक कसे वाचतो ते प्रथम पाहिले पाहिजे. नाटकाच्या संहितेत दोन प्रकारचा मजकूर असतो. संवाद प्रेक्षकांना ऐकवावयाचे असतात, तर कंसातील रंगसूचना नटाने अमलात आणावयाच्या असतात. 'डोळे पुसतो' ही सूचना वाचून नटाने डोळे पुसावयाचे असतात. ते शब्दच त्याने मोठ्याने म्हटले, तर प्रेक्षक चकित होतील. पण कंस पुसून गेला असेल तर तो दोष नटाचा म्हणता येणार नाही.

शैलीपत्रकातील साच्यात हीच स्थिती असते. तेथे तीन प्रकारचे घटक येतात. पहिले, खुद्द एक्सएसएलटीच्या आज्ञा. दुसरे, फलितात जसेच्या तसे उतरवावयाचे घटक. उदाहरणार्थ, वेबपानावरील परिच्छेदाचा घटक. यांना यथावत घटक म्हणू. तिसरे, विस्तार-घटक. पहिला प्रकार रूपांतरकाला उपजतच ठाऊक असतो. परंतु दुसरा आणि तिसरा दिसावयास अगदी सारखे असतात. त्यांतील सूचना कोणती आणि संवाद कोणता, हे सांगणारा कंस शैलीपत्रकाच्या लेखकालाच घालावा लागतो.

हा कंस दोन भागांचा असतो. पहिला भाग नामक्षेत्राचा. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पत्र नेमके पोहोचावयाचे तर तालुका आणि जिल्हा लिहावा लागतो. तद्वत घटकाच्या नावाला त्याचे नामक्षेत्र जोडले म्हणजे तो घटक कोणाचा हे निश्चित होते. नामक्षेत्राचे नाव वेबच्या पत्त्यासारखे लांबलचक असते, म्हणून शैलीपत्रकात त्यासाठी एक छोटा उपसर्ग ठरवून घेतात. उपसर्ग ही केवळ त्या कागदापुरती सोय आहे. खरी ओळख नामक्षेत्राच्या पूर्ण नावाची. दुसरा भाग घोषणेचा. 'या उपसर्गाचे घटक अमलात आणावयाचे आहेत' असे 'एक्स्टेन्शन-एलिमेंट-प्रिफिक्सेस' नावाच्या गुणधर्मात लिहावे लागते. एकाहून अधिक उपसर्ग असल्यास ते मध्ये मोकळी जागा सोडून लिहितात.

पहिला दोष: सूचनाच फलितात उतरते

रूपांतर कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते, पण फलित उघडून पाहावे तो विस्तार-घटकाचा टॅग तेथे जसाच्या तसा उभा असतो. प्रकरणांच्या फाइली निर्माण झालेल्या नसतात. नटाने रंगसूचना मोठ्याने वाचली, तो हा प्रकार. याचा अर्थ निश्चित आहे: रूपांतरकाने त्या घटकाला विस्तार-घटक म्हणून ओळखलेच नाही, यथावत घटक मानले. अशा वेळी विस्ताराचा प्रोग्रॅम तपासत बसणे व्यर्थ होय, कारण त्याला कोणी बोलाविलेलेच नसते. दोष शैलीपत्रकातच शोधावयास हवा.

बहुधा घोषणा राहून गेलेली असते. हे विसरण्यास एक सबळ कारण आहे. विस्तार दोन प्रकारचे असतात, घटक आणि फंक्शने. विस्तार-फंक्शनासाठी नामक्षेत्र जाहीर केले की पुरते; वेगळी घोषणा लागत नाही. फंक्शनांचा सराव असलेला लेखक घटकांच्या बाबतीतही तेवढ्यावरच थांबतो. दुसरी चूक म्हणजे 'एक्सक्लूड-रिझल्ट-प्रिफिक्सेस' या शेजारच्या गुणधर्मात उपसर्ग लिहिणे. त्या गुणधर्माचे काम अनावश्यक नामक्षेत्रांची जाहिरात फलितात येऊ न देणे एवढेच आहे. घटकाला सूचनेचा दर्जा देणे हे त्याचे काम नव्हे.

तिसरे कारण अधिक फसवे आहे. घोषणेची सत्ता ज्या घटकावर ती लिहिली त्याच्या पोटातील मजकुरापुरतीच चालते. मुख्य शैलीपत्रकाने दुसऱ्या फाइलीतील शैलीपत्रक आयात केले असेल, तर मुख्य पत्रकातील घोषणा त्या आयात पत्रकाला लागू होत नाही. एकच मोठे शैलीपत्रक सुरळीत चालत असते. सोयीसाठी त्याचे दोन तुकडे केले जातात. आणि एक अक्षरही न बदलता विस्तार-घटक मुके होतात. उपाय सोपा आहे. ज्या फाइलीत विस्तार-घटक वापरला, त्याच फाइलीत नामक्षेत्र आणि घोषणा ही दोन्ही लिहावीत.

याचाच एक भाऊबंद दोष आहे. विस्तार-घटक साच्याच्या आत न लिहिता शैलीपत्रकाच्या अगदी वरच्या पातळीवर, साच्यांच्या रांगेत लिहिला, तर पहिल्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे तो सूचना ठरत नाही. परक्या नामक्षेत्रातील असा घटक रूपांतरक आपल्याला अपरिचित अशी माहिती समजून सोडून देतो. फलितात टॅगही दिसत नाही आणि कामही होत नाही.

दुसरा दोष: सूचना कळली, पण करणारा नाही

येथे रूपांतरक स्पष्ट तक्रार करतो. घोषणा वाचून घटक हा विस्तार-घटक आहे हे त्याला कळलेले असते, परंतु त्या नावाची क्रिया त्याच्याजवळ नसते. हा दोष पहिल्यापेक्षा बरा, कारण तो लपून राहत नाही. तथापि त्यात एक खोच आहे. शैलीपत्रकात अनोळखी विस्तार-घटक नुसता असणे हा पहिल्या आवृत्तीच्या नियमानुसार अपराध नव्हे. तो प्रत्यक्ष अमलात आणण्याची वेळ आली तरच चूक घडते. समजा, असा घटक केवळ परिशिष्टांच्या साच्यात आहे. ज्या ग्रंथांना परिशिष्ट नाही ते सर्व ग्रंथ निर्वेध पार पडतील, आणि अनेक महिन्यांनी परिशिष्ट असलेला पहिला ग्रंथ येताच काम अडेल. म्हणून शैलीपत्रकाची चाचणी घेताना त्यातील प्रत्येक साचा एकदा तरी चालेल असा नमुना-मजकूर तयार ठेवणे आवश्यक आहे.

कारणे तीन ठिकाणी शोधावीत. प्रथम नामक्षेत्राचे नाव. रूपांतरक ते नाव अक्षरशः ताडून पाहतो. ते पत्त्यासारखे दिसले तरी तो त्या पत्त्यावर जात नाही. शेवटी एक तिरकी रेघ अधिक पडली, लहान अक्षराच्या जागी मोठे आले, तरी गाव बदलते. सॅक्सनच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. जुन्या सहाव्या मालिकेपर्यंत त्याच्या विस्तारांचे नामक्षेत्र आयसीएल या ब्रिटिश संगणक-कंपनीच्या पत्त्यावर आधारलेले होते. पुढील मालिकांत ते सोर्सफोर्जच्या पत्त्यावर आधारलेले झाले. उपसर्ग दोन्हींकडे 'सॅक्सन' असाच लिहीत. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नसे.

दुसरे ठिकाण म्हणजे नोंदणी. सी भाषेतील लिबएक्सएसएलटी या संचात विस्तार-घटक वापरण्यापूर्वी तो नाव आणि नामक्षेत्र यांसह नोंदवावा लागतो. पायथनमधील एलएक्सएमएल या संचात नामक्षेत्र व नाव या जोडीसमोर तो घटक चालविणारी वस्तू लिहून ती यादी रूपांतरकाच्या हाती द्यावी लागते. नोंदणीतील नाव आणि शैलीपत्रकातील नाव यांत किंचितही अंतर पडले, तर भेट होत नाही. लिबएक्सएसएलटीबरोबर येणाऱ्या एक्सएसएलटीप्रॉक या साधनाला 'डम्पएक्स्टेन्शन्स' ही आज्ञा दिली असता त्याला ठाऊक असलेल्या सर्व विस्तारांची यादी मिळते. संशयाच्या वेळी ही यादी फार उपयोगी पडते.

तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द रूपांतरक. जो रूपांतरक काम करीत आहे असे आपण समजतो, तोच करीत आहे का? जावा भाषेच्या १.४ या आवृत्तीबरोबर झेलनचा एक प्रकार येत असे. २००४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या जागी शैलीपत्रकाचे आधी संकलन करणारा दुसरा प्रकार आला. दोहोंची विस्तार स्वीकारण्याची क्षमता सारखी नव्हती. प्रोग्रॅम तोच, शैलीपत्रक तेच, पण आतील कारागीर बदललेला. हे ओळखण्याची सोय भाषेतच आहे. 'सिस्टिम-प्रॉपर्टी' या फंक्शनाला 'व्हेंडर' विचारले की रूपांतरकाच्या निर्मात्याचे नाव फलितात छापून घेता येते.

तिसरा दोष: काम होते, पण चुकीचे

तिसऱ्या जातीत विस्तार-घटक ओळखलाही जातो आणि चालतोही, पण फलित अपेक्षेप्रमाणे नसते. याची तीन कारणे वारंवार आढळतात.

पहिले कारण असे की, विस्तार-घटकाच्या पोटातील मजकुरावर रूपांतरक आपण होऊन संस्कार करीत नाही. ती जबाबदारी विस्तार रचणाऱ्याकडे असते. त्याने आपल्या प्रोग्रॅमातून 'आतील आज्ञा चालवा' असे सांगितले नाही, तर आतील सारा मजकूर नाहीसा होतो. त्याचप्रमाणे निर्माण केलेला भागही फलिताच्या योग्य जागी स्वतः जोडावा लागतो.

दुसरे कारण गुणधर्मांचे. यथावत घटकाच्या गुणधर्मात महिरपी कंस घातला तर त्यातील पदावलीचे मूल्य काढले जाते. या सवयीने लेखक विस्तार-घटकातही महिरपी कंस वापरतो. पण तेथे त्याचा अर्थ लावावयाचा की नाही, हे विस्तार रचणाऱ्याच्या हाती असते. त्याने तशी तजवीज केली नसेल, तर प्रकरणाच्या नावाची फाइल न होता महिरपी कंसासकट विचित्र नावाची एकच फाइल होते आणि प्रत्येक प्रकरण मागील प्रकरणावर लिहिले जाते. वीस प्रकरणांतून शेवटचे तेवढे उरते.

तिसरे कारण भाषेच्या मूळ स्वभावात आहे. एक्सएसएलटीतील नियम कोणत्या क्रमाने अमलात यावेत याचे बंधन रूपांतरकावर नाही. फलित योग्य जुळले म्हणजे झाले. गणितात बेरजेचे पद आधी घेतले वा नंतर घेतले, उत्तर बदलत नाही. तसेच हे आहे. परंतु विस्तार-घटक मोजणी वाढवीत असेल किंवा फाइलीत ओळ लिहीत असेल, तर क्रमाने फरक पडतो. शिवाय ज्या चलाचा पुढे कोठेही उपयोग नाही त्याचे मूल्य न काढण्याची मुभा रूपांतरकाला आहे. अशा चलाच्या आत ठेवलेला विस्तार-घटक एका रूपांतरकात चालेल आणि दुसऱ्यात कधीच चालणार नाही. यास्तव क्रमावर अवलंबून राहणारे काम विस्तार-घटकाकडे शक्यतो देऊ नये.

निदानाचा क्रम

वैद्य जसा आधी लक्षण पाहतो आणि मग औषध ठरवितो, तसाच क्रम येथेही ठेवावा. प्रथम फलित पाहावे. त्यात टॅग उतरला असेल तर दोष घोषणेत. तक्रार आली असेल तर दोष नामक्षेत्रात, नोंदणीत किंवा रूपांतरकात. दोन्ही नसून फलित चुकले असेल तर विस्ताराच्या प्रोग्रॅमात. तिन्हींपैकी काहीच न दिसता काम झाले नसेल, तर घटक वरच्या पातळीवर पडला आहे किंवा त्याचा साचा लागूच झालेला नाही.

त्यानंतर शैलीपत्रक लहान करीत न्यावे. एकच साचा आणि त्यात तो एकच विस्तार-घटक, एवढे ठेवून पाहावे. तेथे तो चालला, तर काढून टाकलेले भाग एकेक करून परत जोडावेत. ज्या भागाबरोबर दोष परत येतो तेथे कारण आहे. साच्यात 'मेसेज' ही आज्ञा घातली की तो साचा लागू होतो की नाही हे कळते. 'एलिमेंट-अव्हेलेबल' या फंक्शनाने त्या नावाचा घटक रूपांतरकाजवळ आहे काय, हेही विचारता येते.

'फॉलबॅक' या आज्ञेबद्दल एक खुलासा हवा. विस्तार-घटकाच्या पोटात ही आज्ञा लिहून ठेवली, तर मूळ क्रिया उपलब्ध नसताना तिच्यातील पर्यायी मजकूर चालविला जातो. क्रिया उपलब्ध असल्यास तिच्याकडे दुर्लक्ष होते. मात्र घोषणाच राहून गेली असेल, तर रूपांतरकाच्या दृष्टीने ते विस्तार-घटकच नव्हेत, आणि तेव्हा फॉलबॅकही गप्प राहतो. टॅग फलितात उतरला आणि फॉलबॅक चालला नाही, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे निदान पक्के समजावे.

एक अनुकरणीय उदाहरण

तांत्रिक ग्रंथांसाठी वापरल्या जाणाऱ्या डॉकबुक या पद्धतीची शैलीपत्रके या बाबतीत पाहण्याजोगी आहेत. ग्रंथाचे तुकडे करून प्रत्येकाची फाइल करणाऱ्या साच्यात ती प्रथम विचारतात की ईएक्सएसएलटीचा 'डॉक्युमेंट' उपलब्ध आहे काय. नसल्यास सॅक्सनचा 'आउटपुट', तोही नसल्यास झेलनचा 'राइट'. तिन्ही नसतील तर शैलीपत्रक रूपांतरकाचे नाव घेऊन स्पष्ट संदेश देते आणि काम तेथेच थांबविते. अर्धवट ग्रंथ गुपचूप बाहेर जाऊ देण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हे तत्त्व त्यामागे आहे. वीस प्रकरणांपैकी एक गळाले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर तो ग्रंथ तसाच वाचकाच्या हाती जातो.

२३ जानेवारी २००७ रोजी एक्सएसएलटीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात 'रिझल्ट-डॉक्युमेंट' ही आज्ञा मूळ भाषेतच आली आणि अनेक फाइली लिहिण्यासाठी विस्ताराची गरज उरली नाही. दाराबाहेर वाढलेली सोय अशा रीतीने घरात आली. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीतही ती कायम आहे. मात्र पहिल्या आवृत्तीवरच चालणारे रूपांतरक अद्याप पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत, आणि लिबएक्सएसएलटी त्यांपैकीच एक आहे. म्हणून बिघडलेला विस्तार-घटक दुरुस्त करावयास बसण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारून घ्यावा: आपल्या रूपांतरकाच्या भाषेत हे काम आता विस्तारावाचून होते काय? होत असेल, तर तो घटक काढून टाकणे हीच त्याची उत्तम दुरुस्ती होय. ग्रंथनोंदी आणि ग्रंथ पिढ्यान्पिढ्या टिकावयाचे असतात, रूपांतरक मात्र काही वर्षांत बदलतात. एका विशिष्ट रूपांतरकावाचून ज्याचे चालत नाही असा भाग शैलीपत्रकात जितका थोडा, तितका मजकुराचा पुढचा प्रवास निर्वेध होतो.